तिसऱ्या हाकेला

अहो, बांगड्याला हाक मारू नका.

सरळच सांगते, आडून बोललेलं तुम्हाला आयुष्यात कधी कळलं नाही. तुम्ही गेल्यापासून तो दिवसभर पडवीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. पेज ठेवली तर वास घेतो आणि मान वळवतो. माशी बसली तरी कान हलवत नाही. आणि तिन्हीसांजेला, मी देवापुढे दिवा लावायला उठणार तेवढ्यात, तो त्या तीन पायांवर उभा राहतो, तुम्ही घरभर टाकून ठेवलेल्या काथ्याच्या पायपुसण्यांवरून मागल्या दारी जातो आणि परसाच्या टोकाला पाणंदीवर उघडणारं जे बांबूचं बेडं आहे त्याच्याकडे बघत शेपूट हलवतो. बेड्यापाशी कोणी नसतं. मी जाऊन बघितलंय.

शेजारच्या बेबीकाकींनीही ते बघितलं. दगडी गडग्यापलीकडून म्हणाल्या, "वसू, बोलावतायत गो त्याला. लय जीव होता त्यांचा. घेऊन जातील बघ." वाईट मनाने नाही बोलल्या. पण त्या दिवसापासून मी रात्री उठून त्याच्या पोटावर हात ठेवून बघते. मेधा तेरावं उरकून डोंबिवलीला परत निघाली तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवत नवऱ्याला म्हणाली, "हा काही आता फार दिवस काढत नाही." लेकीला वाटलं आईला ऐकू गेलं नाही.

म्हणून विचारायला बसलेय. साऱ्या घराशी भांडून त्याला जगवलंत तुम्ही. मग आता कशाला बोलावताय?

दहाव्याला कावळा लगेच शिवला म्हणे. मी जावईबापूंना सांगून ठेवलं होतं, नाही शिवला तर मोठ्याने म्हणा, बांगड्याला अंतर देणार नाही, वसूने शब्द दिलाय. गरजच पडली नाही. पिंड ठेवून माणसं मागे सरतात न सरतात तोच कावळा उतरला. जावई शब्द तसाच परत घेऊन आले. तुमचे मिरजोळ्याच्या कारखान्यातले सोबती घरी येऊन म्हणाले, "वहिनी, माणूस समाधानी गेला. मागे काही अडकलं नाही." मी मान डोलावली, चहा विचारला, आणि आत जाऊन अशी रडले संतापाने. काहीच अडकलं नाही? पंपाचा वॉशर काढून ठेवलाय तो तसाच खिडकीत. आपलं भांडण अर्धं. बायको अख्खी. एवढं भराभर समाधान व्हायला झालं होतं काय? जरा ताटकळत ठेवायचं होतंत त्यांना उन्हात.

आणि समाधानी गेलात, तर मग रोज संध्याकाळी बेड्यापाशी कोण येतंय?

मला सासूबाई आठवतात. मी या घरात आले त्या आठवड्यातच त्यांनी मला मागल्या दाराच्या पायरीवर बसवून सांगितलं होतं, "तिन्हीसांजेनंतर बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाय. दुसऱ्या हाकेला पण नाय. माणूस असला तर तिसरी मारील. दुसरं काय असलं तर त्याला तिसरी मारता येत नाय." तुम्ही हसलात. फिटर माणूस, ज्याला पाना लागत नाही त्यावर तुमचा विश्वास नव्हता. पण कामावरून मागल्या पाणंदीने यायचात, बेड्याला सायकल टेकवायचात आणि तीन हाका मारायचात. वसू. वसू. वसू गो. 'गो' फक्त तिसरीला.

पुढे भुताचं काही राहिलं नाही, नुसती खोडी राहिली. बाहेर तुम्ही हातात पिशवी घेऊन उभे आणि मी आत तव्यावर भाकरी असल्याचं निमित्त करून बसलेली. "पहिल्या दोन तुमच्याच कशावरून?" असं दार उघडताना रोज विचारायचं आणि तुम्ही रोज "आता हात लावून बघ" म्हणायचात. सासूबाई गेल्या, सायकलची मोटारसायकल झाली, मेधाचं लग्न झालं, तुम्ही रिटायर झालात. तरी नारळांची आळी साफ करून परसातून परत आलात की तीन हाका ठरलेल्या. घरातच होतात की दिवसभर. पण बेड्यापर्यंत जाऊन हाक मारून यायचात.

बांगड्यालाही ती खोड तुम्हीच लावलीत.

मिरकरवाड्याच्या जेटीवरून आणलंत तेव्हा तळहाताएवढं पिल्लू होतं ते. मासळी आणायला पाठवलं होतं मी. पिशवीतून हे निघालं. अंग तांबूस आणि पाठीवर काळ्या पट्ट्या. "हा बघ, आणला बांगडा," म्हणालात. मी म्हटलं, असलं नाव ठेवलंत तर हाक मारताना आळीतल्या बायका ताटली घेऊन येतील दारात. ठेवलंतच. आणि खरंच एकदा नवीन भाडेकरीण ताटली घेऊन आली होती, तेव्हा तुम्ही इतके हसलात की खोकल्याने बसलात.

मग त्याचा मागचा डावा पाय लंगडायला लागला. आपल्याला वाटलं मुरगळला. तुम्ही एरंडाचं पान गरम करून बांधलंत. सूज उतरेना, गुडघ्यापाशी हात लावू देईना. आपल्या इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि परत परत बघितला. कोल्हापूरला घेऊन जा म्हणाले. कोल्हापुरात हाडाचा तुकडा तपासला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कॅन्सर हा शब्द उच्चारला तेव्हा तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंत, जणू मीच सांगितलं होतं.

पाय खुब्यापासून काढायचा, मग औषधाची सलाईनं लावायची. त्यानंतरही वर्ष मिळेल, नशीब असेल तर थोडं अधिक, एवढंच त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर घाट लागला, घाट उतरलो. उतरल्यावर मी म्हटलं. ते म्हटलेलं मी आजही मागे घेत नाही. मी म्हटलं, मुक्या जिवाचे हाल करू नका, सुई देऊन सोडवा त्याला. बाई नीट सांगत होत्या, त्याला झोप लागेल, कळणारही नाही.

"त्याला विचारलंस?" तुम्ही म्हणालात.

"तुम्ही विचारलंत?"

"विचारलं."

"मग काय म्हणाला?"

"जेवला."

गाडीत मागच्या सीटवर त्याने तुमच्या हातून बिस्किटाचा पुडा संपवला होता. एवढ्यावर तुम्ही पाय कापायचं ठरवलंत. मी आठ दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. मेधा फोनवर म्हणायची, बाबांना समजाव. समजावणार कोण त्या दगडाला.

ऑपरेशननंतर त्याला घरी आणला तो दिवस मला नको वाटतो. अर्धं अंग भादरलेलं, पाठीवरच्या काळ्या पट्ट्या गेलेल्या, टाक्यांची एवढी मोठी रांग. एक-दोन दिवसांत उभा राहील असं सांगितलं होतं. हा उठेना. पडल्या जागी सगळं. तुम्ही माझी निळी सुती साडी न विचारता फाडलीत आणि तिची झोळी करून त्याचं मागलं अंग उचलून धरायला लागलात. तुम्ही झोळी धरून वाकलेले, तो पुढच्या दोन पायांवर लोंबतोय, दोघांचाही तोल जातोय. मला रडू येत होतं आणि साडीचा राग पण येत होता. "नवी घेऊ," म्हणालात. घेतली नाहीत.

आणि संध्याकाळी तुम्ही परसात जाऊन बेड्यापाशी उभे राहायचात. तिथून हाक मारायचात. बांगड्या. बांगड्या. बांगड्या रे. तीनच. चौथी नाही. तो पडवीतून मान उचलायचा, तुमच्या आवाजाच्या दिशेने बघायचा आणि परत मान टाकायचा. तुम्ही आत येऊन पाय धुवायचात. दुसऱ्या दिवशी तेच. मी म्हणायचे, त्याच्या काळजाला घरं पाडताय तुम्ही, उठता येत नाही त्याला. तुम्ही म्हणायचात, "तू तरी कुठे पहिल्या हाकेला उठतेस?"

ज्या दिवशी उठला त्या दिवशी मी वाल सोलत बसले होते. पहिली हाक आली, त्याने कान टवकारला आणि पाडला. दुसरीला तसंच. तिसरीला पुढचे पाय ताणले, मागचा एकुलता एक पाय पोटाखाली ओढला, हेलकावला, भिंतीला टेकला आणि उभा राहिला. फरशीवर घसरत, एकदा तोंडावर आपटत, पण पोचला मागल्या दारापर्यंत. तुम्ही बेड्यापासून धावत आलात. स्वतःचे वडील गेले तेव्हा न रडलेला माणूस कुत्र्याच्या मानेत तोंड घालून रडत होता. मी वालाची परात उचलून आत गेले, कारण मलाही रडताना कोणी बघायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून पायपुसणी आणलीत. घसरू नये म्हणून पडवीपासून मागल्या दारापर्यंत ओळीने अंथरलीत. घराचं पायपुसण्यांचं दुकान झालं. तेराव्याला आलेली निम्मी माणसं त्यांना अडखळली, एकजण म्हणाला, ही गोळा करून ठेवू का. मी इतक्या जोरात नको म्हटलं की तो बिचकला.

सलाईनं सुरू झाल्यावर तो पार उतरला. ओकायचा, तोंड फिरवायचा. तेव्हा तुम्ही बांगडे उकडून त्यातला काटान् काटा हाताने काढायचात आणि बोटांवर घेऊन भरवायचात. मेधा लहान होती तेव्हा तिच्या माशातला एक काटा काढला नव्हता तुम्ही. मी हे बोललेदेखील. तुम्ही म्हणालात, "तेव्हा यायचं नाय मला." ते खरं होतं की चेष्टा, मला अजून कळलेलं नाही.

मग तो लागला चालायला, पळायला. तीन पायांवर मांजरामागे गडग्यापर्यंत जायचा. हाक मारली की तिसरी होईपर्यंत ढिम्म हलायचा नाही, माझ्याकडे बघायचा, जसं काही आमचं दोघांचं ठरलेलं. तुम्ही बेड्यापाशी उभे आणि घरात आम्ही दोघं गप्प.

एकच गोष्ट मात्र त्याला कधी समजली नाही. कान खाजला की तो मान वाकडी करतो, डोळे मिटतो आणि खाजवायला लागतो. नसलेल्या पायाने. खुब्याजवळचं ते बोडकं मांस नुसतं हलत राहतं आणि तो वाट बघत बसतो. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी दुसऱ्या खोलीत गेले. तुम्ही जवळ बसलात आणि त्याचा डावा कान खाजवलात. मग ते तुमचं कामच झालं. पेपर वाचता वाचता हात आपोआप जायचा खाली. हल्ली तो तसा बसतो तेव्हा मी जाते, पण मला नेमकी जागा सापडत नाही. तो डोळे उघडतो, मी आहे हे बघतो आणि उठून जातो.

ती छातीचा फोटो काढायची तपासणी होती ना, वर्ष उलटल्यावरची. हा कॅन्सर छातीत उतरतो, तेवढा बघायचा होता. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर फोटो दाखवला, इकडून तिकडून बघितला आणि म्हणाल्या, "छाती अगदी स्वच्छ आहे." तुम्ही त्यांच्या टेबलाच्या पाया पडायचंच बाकी ठेवलंत. वाटेत साखरप्याला थांबलो, तुम्ही भजी खाल्लीत, अनोळखी माणसांना सांगत सुटलात, छाती स्वच्छ आहे, छाती स्वच्छ आहे. आणि गाडीत बसताना तुमचा हात स्वतःच्या छातीवर गेला. जळजळतंय म्हणालात. सोडा प्यायलात. मी म्हटलं, उद्या डॉक्टरांकडे जाऊ, हे तुमचं हल्ली वरचेवर होतंय. तर म्हणालात, "आत्ताच एका छातीचा फोटो काढला की. एका दिवशी किती काढायचे?"

आणि मी हसले. तुम्हीही हसलात.

कुत्र्याच्या छातीसाठी घाट चढून जाणारा माणूस स्वतःच्या छातीसाठी बाजारापर्यंत गेला नाही. याचं मी काय करू सांगा. भांडायला तुम्ही नाही. मला तुमचा इतका राग येतो की मध्येच तुम्ही नाही आहात हे विसरायला होतं, आणि तोंड उघडून बोलायला लागते, आणि तो पडवीतून मान उचलून बघतो.

तुम्ही गेलात ती सकाळची वेळ होती. पडवीत खुर्चीत बसला होतात, तो पायांवर मान टाकून. तुम्हाला दुसरा कप हवा असतो म्हणून मी आत चहा गाळत होते. बाहेर येऊन बघते तर पेपर मांडीवर, चष्मा डोळ्यांवर, आणि हात खाली त्याच्या कानावर. तो अजिबात हलला नव्हता. मी कप ठेवला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंच नसेल, झोपेत जावं तसं. सगळे म्हणतात, भाग्यवान. असतील. पण मी तिथे दहा पावलांवर होते. जन्मभर तीन हाका मारणारा माणूस, जाताना एक हाक मारली नाही. एक मारली असती तरी मी उठले असते हो. त्या दिवशी मी तिसरीची वाट बघितली नसती.

हे मी कुणालाच बोलले नाही. मेधालाही नाही.

म्हणूनच तो उठून मागल्या दारी जायला लागला तेव्हा भीतीच्या आधी मला काय वाटलं असेल सांगू? हेवा. मला एकही नाही, आणि त्याला रोज. भीती नंतर आली, बेबीकाकी बोलल्यावर. घरात एवढा एकच उरलाय तुमचा हात लागलेला. तोही नेलात तर मी या पायपुसण्यांवरून कुणाच्या मागे चालू?

काल मी ठरवून त्याच्याजवळ पडवीत बसले. रोज मी आत असते, तो उठलेला तेवढा दिसतो. काल वाल सोलायला घेतले आणि त्याच्यावर नजर ठेवली. उजेड गेला. समोरच्या आंब्यावरचे पक्षी गप्प झाले. त्याने कान टवकारला. थोडा वेळ तसाच ठेवला आणि पाडला. मला वाटलं, झालं. मग परत टवकारला. परत पाडला. माझ्या हातातला दाणा परातीत पडला. तिसऱ्यांदा कान वर गेला आणि मग तो उठला. पुढचे पाय ताणून, मागचा पोटाखाली ओढून, भिंतीला टेकून. त्या दिवशी उठला होता अगदी तसा.

सासूबाईंचं बोलणं आठवलं. दुसरं काही असतं तर त्याला तिसरी मारता आली नसती.

मी तिथेच बसून राहिले आणि इतके दिवस जे सुचलं नव्हतं ते सुचलं. तुम्ही त्याला बोलावून कुठे नेलं होतंत तेव्हा? कुठेच नाही. बेड्यापासून हाक मारायचात, तो मागल्या दारापर्यंत यायचा, तुम्हीच आत यायचात. त्याला उठवायला मारायचात हाक. तो उठला की काम झालं.

मला काही ऐकू आलं नाही. खरं सांगते, काहीसुद्धा नाही. पंप बंद, रस्ता शांत. तरी मी "आले हो" म्हटलं आणि परात बाजूला ठेवून उठले. कित्येक दिवस झाले, त्या वेळेला मी दिवा लावण्यापुरती उठते आणि परत आडवी होते, हे तुम्हाला माहीतच असणार. त्याच्या मागून पायपुसण्यांवरून गेले. दोघं पायरीवर बसलो. तो बेड्याकडे बघून शेपूट हलवत होता. मग मान वाकडी केली, डोळे मिटले, आणि ते बोडकं मांस हलायला लागलं.

या वेळी मी घाई केली नाही. त्या सकाळी तुमचा हात कुठे होता ते आठवलं. कानाच्या मागे, जरा खाली, जबड्याच्या हाडाच्या कोपऱ्यात. तिथे बोटं ठेवली. त्याने सगळं अंग माझ्या मांडीवर टाकलं.

तर आधी म्हटलं ते जाऊ दे. हाक मारत जा. रोज मारा, तीन मारा, त्याच्या नावाने मारा, मला चालेल. आपलं ते घाटाखालचं भांडण मी अजून सोडलेलं नाही, अर्धं माझंच खरं होतं. पण काल दिवा लावून झाल्यावर मी दोन बांगडे उकडले, चष्मा लावून एकेक काटा काढला, बोटांवर घेऊन त्याच्यापुढे धरलं आणि तुमच्यासारखं विचारलं त्याला.

जेवला.